पीबीपी २०२७ : झोपायचं कुठे आणि थंडीचं काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

२०२७ च्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसची (पीबीपी) तयारी चालू आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फ्रान्समध्ये दर चार वर्षांनी होणारी साधारण १२०० किमीची सायकल राईड, ९० तासात संपवायची, झोप, जेवण, पंक्चर सगळं त्यातच, घड्याळ थांबत नाही. पात्रतेसाठी २००-३००-४००-६०० किमीच्या राईड त्या वर्षी परत कराव्या लागणारच, तो प्रश्न नाही.

माझं घोडं अडलंय झोपेवर. ९० तासवाले रविवारी संध्याकाळी पॅरिसजवळच्या रांबुयेहून सुटतात म्हणजे पहिली रात्र सायकलवरच, सोमवारी रात्री लूदेआक (४४० किमीच्या आसपास) गाठायचं, तिथे तीन-चार तास झोप, मंगळवारी ब्रेस्त करून परत लूदेआकलाच मुक्काम, बॅग तिथे ठेवता येते असं ऐकलंय. पण ग्रुपमधला एक जण म्हणतो अख्खं जग हाच प्लॅन करून येतं, कॉटसाठी रांग, जेवायला रांग, संडासला पण रांग. मग पुढच्या कंट्रोलपर्यंत, कार्हेपर्यंत रेटायचं का? (कंट्रोल म्हणजे वाटेतले हजेरीचे थांबे.)

दुसरं म्हणजे थंडी. ऑगस्ट म्हणजे आपल्या डोक्यात पावसाळा, तिथे म्हणे पहाटे पारा एक आकडी होतो. नक्की काय कपडे नेले होते ते सांगा, 'लेयरिंग करा' एवढंच नको प्लीज.

आणि मी शाकाहारी, अंडं चालतं. कंट्रोलवर काय मिळतं?

प्रतिसाद :
२०१९ ला केली होती. लूदेआकबद्दल मित्र बरोबर बोलतोय. जाताना अंगात दम असेल तर कार्हेला जा नाहीतर लूदेआकच्या आधीच्या कंट्रोलला, तांतेनियाकला आडवा हो, तिथे तुलनेने बरं होतं. उठवायची वेळ सांगून ठेवायची, व्हॉलंटियर येऊन हलवून उठवतात, भारी माणसं. खरी थंडी झोपून उठल्यावर पहाटे बाहेर पडताना वाजते, अंग गार पडलेलं असतं ना. मी थर्मल, त्यावर जर्सी, वर रेनजॅकेट, फुल ग्लोव्हज आणि कानटोपी. कार्हे ते ब्रेस्तमध्ये रोक त्रेवेझेलचा चढ आहे, चढ असा काही नाही पण वर धुकं आणि वारा, आम्हाला ब्रेस्तपर्यंत समोरून वारा होता, वेळेचं गणित तिथेच बोंबललं बऱ्याच जणांचं. तेव्हा सुरुवातीला हातात थोडा वेळ जमवून ठेव.
खाण्याचं टेन्शन नको. पास्ता (सॉस विचारून घे, मांस असतं बऱ्याचदा), बटाटा, ऑम्लेट, भाताची खीर, ब्रेड-चीज. गावात लोक घराबाहेर टेबल मांडून कॉफी आणि क्रेप देतात, पोरं टाळ्या द्यायला हात पुढे करून उभी. फक्त सोमवारी बऱ्याच बेकऱ्या बंद असतात, खिशात काहीतरी ठेव.
ट्रेनिंगला महाबळेश्वर-बिबळेश्वर सोड, दापोली-गुहागर-जयगड कर. पीबीपीला मोठा घाट एक नाही, नुसतं वर-खाली वर-खाली, सपाट रस्ता शोधून सापडत नाही.

धागाकर्ता :
मनापासून धन्यवाद दादा! तांतेनियाकचा विचार केलाच नव्हता. पण तिथे झोपलो तर बॅग पुढे लूदेआकला, मग थर्मल पहिल्यापासून सायकलवरच बांधून न्यायचं ना? आणि कुठली सॅडलबॅग पुरली?