अफ: नाक की राग?

प्रश्न

मराठी बायबलमध्ये स्तोत्र १०३ वाचताना 'मंदक्रोध' हा शब्द अडला. परमेश्वर मंदक्रोध आहे, म्हणजे लवकर चिडत नाही, एवढं कळलं. पण हिब्रू शिकणारा एक मित्र म्हणतो की मूळ शब्द 'एरेख अप्पाइम' आणि त्याचा शब्दशः अर्थ 'लांब नाकाचा'. चेष्टा करतोय की खरं आहे?

प्रतिसाद

खरं आहे. 'अफ' म्हणजे नाक. 'अप्पाइम' हे त्याचं द्विवचन, म्हणजे दोन नाकपुड्या (कधी कधी सगळा चेहराही). मूळ धातूत 'न' आहे, तो गळला आणि त्याच्या जागी 'प' दुहेरी झाला. अरबीत अजून 'अन्फ' आहे, तिथे तो 'न' शाबूत दिसतो.

पण बायबलमध्ये हा शब्द नाकापेक्षा रागासाठीच जास्त येतो. 'हारा अफ', शब्दशः 'नाक पेटलं', म्हणजे संताप झाला. बायबलच्या 'निर्गम' या पुस्तकात, ३२व्या अध्यायात लोकांनी सोन्याचं वासरू केलेलं पाहून त्यांचा नेता मोशे याचं असंच नाक पेटतं आणि तो हातातल्या पाट्या आपटून फोडतो. त्याच्या जरा आधी परमेश्वराचंही नाक पेटायच्या बेतात असतं आणि हाच मोशे त्याची समजूत घालत असतो! मग ३४:६ मध्ये परमेश्वर स्वतःची ओळख सांगतो, ती 'एरेख अप्पाइम' अशी. हे ओळीनं वाचलं की त्या विशेषणाला वजन येतं. यॉम किप्पूरच्या (यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या) प्रार्थनेत ते आजही म्हणतात, म्हणजे अलिबागच्या सिनेगॉगमध्ये आपल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांनी, बेने इस्राएलांनीही ते पिढ्यान्‌पिढ्या म्हटलेलं आहे.

प्रतिसाद

आपल्याकडेही राग नाकावरच असतो की! 'राग अगदी नाकाच्या शेंड्यावर' म्हणतो आपण. मग नाक लांब असलं तर राग शेंड्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, असं काही आहे का?

प्रतिसाद

कल्पना गोड आहे, पण मला ती पटत नाही. बायबलच्याच 'नीतिसूत्रे' या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात दोन्ही टोकं सापडतात. १७व्या ओवीत 'केत्सर अप्पाइम', आखूड नाकपुड्यांचा, म्हणजे शीघ्रकोपी. २९व्या ओवीत 'एरेख अप्पाइम' आहे, आणि त्याच ओवीत त्याच्या विरुद्ध 'केत्सर रुआख' येतो. रुआख म्हणजे वारा, श्वास, आत्मा. म्हणजे नाकाच्या जागी सरळ श्वास आला. तेव्हा मोजमाप नाकाचं नसून श्वासाचं असावं. चिडलेला माणूस फुसफुसतो, त्याचा श्वास आखूड होतो. शांत माणसाचा श्वास लांब चालतो.

म्हणून 'मंदक्रोध' अर्थानं बरोबर असला तरी मला तो जरा कोरडा वाटतो. त्यात शरीर उरत नाही. आपल्याकडे 'दम धर', 'दमानं घे' आहे ना! हा दम फारसीतला, श्वास या अर्थाचा. 'दमानं घेणारा' म्हटलं की एरेख अप्पाइमच्या अगदी जवळ जातो. स्तोत्रात ते शोभणार नाही, हे मान्य.

(जाता जाता: हिब्रूतही 'दाम' आहे, पण तो म्हणजे रक्त. आपल्या दमाशी संबंध नाही.)

प्रतिसाद

रक्तावरून नीतिसूत्रे ३०:३३ आठवलं. दूध घुसळलं की लोणी निघतं, नाक पिळलं की रक्त निघतं, आणि राग पिळला की भांडण निघतं. इथे नाकाला 'अफ' आणि रागाला 'अप्पाइम', दोन्हींसाठी क्रियेचा शब्द मात्र एकच. ही कोटी मराठीत आणायची कशी, देव जाणे.

आणि प्रत्येक ठिकाणी राग शोधू नये. डुकराच्या नाकात सोन्याची नथ (नीतिसूत्रे ११:२२) किंवा रिबकेला घातलेली नथ (उत्पत्ति २४:४७), तिथे अफ म्हणजे निव्वळ नाक. उत्पत्ति ३:१९ मध्ये माणूस 'अप्पाइम'च्या घामानं भाकरी खातो, तिथे चेहरा. आपण निढळाचा घाम म्हणतो, निढळ म्हणजे कपाळ; त्यांचा घाम थोडा खाली उतरला आहे इतकंच.

प्रश्नकर्ता

मित्राची माफी मागतो. 'अप्पाइम आर्त्सा', म्हणजे नाक जमिनीला, असंही तो काहीतरी सांगत होता. ते आपलं नाक घासणंच का?

प्रतिसाद

कृती तीच, अर्थ वेगळा. आपलं नाक घासणं म्हणजे लाचारी किंवा शिक्षा. हिब्रूत तो मानाचा नमस्कार आहे. उत्पत्ति १९:१ मध्ये लोट दारी आलेल्या पाहुण्यांना असाच वाकतो, तिथे भाषांतरात 'नाक घासलं' लिहिलंत तर लोट उगाच बिचारा होईल. 'साष्टांग' किंवा 'भूमीपर्यंत लवून' ठीक.