पन्नास मुलं, आठाचं खोकं

बी-४०२: कोणी जागं आहे का? लेकीचा उद्या सहामाहीचा गणिताचा पेपर. उदाहरण असं: सहलीला ५० मुलं, प्रत्येकाला एक लाडू. खोक्यात ८ लाडू. किती खोकी आणावी लागतील? तिने लिहिलंय ६, बाकी २. मागे उत्तर ७ छापलंय. भागाकार तर बरोबर आहे ना?

ए-१०४: ५० भागिले ८ = ६.२५. पाव म्हणजे अर्ध्याहून कमी, सोडून द्यायचा. उत्तर ६. छपाईची चूक असणार.

बी-२०१: आणि ती दोन मुलं काय इतरांची तोंडं बघत बसणार? 😄

सी-३०३: अगं, भागाकार बरोबरच आहे. बाकीचं काय करायचं ते मात्र शेवटच्या वाक्यावरून ठरतं. 'किती आणावी लागतील' म्हटलं की ७. '५० लाडवांत किती खोकी पूर्ण भरतील' म्हटलं की ६. 'सुटे किती' तर २. आणि मी हमखास घालायचे तो प्रश्न: ७ आणली तर किती उरतील? निम्मा वर्ग २ लिहायचा. ७ × ८ = ५६, म्हणजे उरतात ६.

ए-१०४: ओके बाई 🙏

सेक्रेटरी: कृपया ग्रुप सोसायटीच्या कामापुरता वापरावा.

बी-४०२: काका, एकच अजून. पाव ६ च्या पाकिटात, कटलेट ८ च्या. दोन्ही सारखे हवेत, उरायला नको, कमीत कमी किती?

सी-३०३: लसावि आत्ता काढू नकोस, घाबरेल. पाढे लिहू दे. ६, १२, १८, २४. ८, १६, २४. पावाची ४ पाकिटं, कटलेटची ३. ती ६ × ८ = ४८ करेल. त्यातही काही उरत नाही, पण 'कमीत कमी' म्हटलंय.

बी-२०१: आमच्याकडे किमतीचं उदाहरण आलं होतं. ५ पेन्सिलींचं पाकीट ४५ रुपये, १२ चं ८०. हव्यात १०. चिरंजीवांनी पाचाची दोन घेतली, ९० रुपये! १२ चं घेतलं असतं तर १० रुपये वाचून दोन पेन्सिली जास्त. जांभळी नाक्यावर खरेदीला नेलं पाहिजे याला.

सेक्रेटरी: बाई, विषय निघालाच आहे तर. कोजागिरीला ११८ नावं आलीत. कागदी ग्लास ५० च्या पाकिटात. ३ पाकिटं ना?

सी-३०३: पुस्तकात ३. पण ऑफिसच्या कपाटात गेल्या वर्षीचे असतील की.

ए-१०४: खालीच आहे, बघतो.

ए-१०४: ३४ आहेत.

बी-४०२: लेक म्हणतेय, ८४ च लागतील. २ पाकिटं, उरतील १६.

सेक्रेटरी: त्या ३४ मधले निम्मे चेपलेले आहेत, मीच ठेवलेत. ३ आणतो.