मास्ट्रिख्टच्या गटचर्चेत पहिले वाक्य कसे बोलावे?

कृष्णाकाठची

नमस्कार. मी मूळची साताऱ्याची असून सप्टेंबरपासून नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठात अर्थशास्त्राच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. थंडी, सायकल आणि रोजचा पाव यांची सवय झाली. अडचण वर्गातली आहे. येथे समस्याधारित पद्धतीने शिकवतात, म्हणजे दहा-पंधरा विद्यार्थी टेबलाभोवती बसतात, त्यांच्यातलाच एक जण चर्चा चालवतो, दुसरा फळ्यावर मुद्दे लिहितो, आणि ट्यूटर बहुतेक वेळ ऐकत बसतात. बारावीपर्यंत उत्तर पक्के पाठ असल्याशिवाय मी हात वर केला नाही. येथे हात वर करण्याची पद्धतच नाही, आणि दोघांच्या बोलण्यातली फट मला सापडेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. गेल्या आठवड्यात एक वाक्य वहीत लिहून तयार ठेवले होते, पण तोंड उघडले तेव्हा फळ्यावर पुढच्या मुद्द्याकडे बाण काढून झाला होता. मध्यंतरात बहुतेक मुले जर्मनमध्ये बोलतात, त्यामुळे तेथेही मी कॉफीचा कप धरून नुसती उभी असते. या अनुभवातून गेलेल्यांनी काय केले, ते कृपया सांगावे.

मास नदीपलीकडचा

मी याच विद्यापीठातून पदवी घेतली. १९७६ साली स्थापना झाल्यापासून येथे हीच पद्धत आहे, आणि तिच्या सात पायऱ्या ठरलेल्या आहेत. त्या नीट पाहिल्यास तुमची जागा पहिल्याच पायरीवर आहे. नवी समस्या वाचल्यावर सर्वांत आधी अपरिचित शब्दांचे अर्थ स्पष्ट करायचे असतात, म्हणजे "याचा अर्थ काय?" असे विचारणे हे अज्ञान नव्हे, ते त्या पायरीचे कामच आहे. बैठकीच्या पूर्वार्धात आधीच्या समस्येवरचे वाचन मांडायचे असते, त्यामुळे तेथे चुकण्याची भीती रास्त आहे. उत्तरार्धातल्या पूर्वचर्चेत मात्र कोणीच काही वाचलेले नसते आणि सगळे अंदाजच बांधत असतात. तेथून सुरुवात करा, आणि जमल्यास फळ्यावर लिहिण्याचे काम मागून घ्या.

आणखी एक. माझ्या मुद्द्यावर एक डच मुलगा सर्वांसमोर "मला हे अजिबात पटत नाही" असे म्हणाला, तेव्हा माझे कान तापले होते. तासानंतर तोच मला कॉफीला घेऊन गेला आणि त्याला त्यात काही विशेष वाटले नव्हते.

दुसऱ्या वर्षाची

फळ्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. मी पहिल्या सत्रात तेच काम पत्करले, अक्षर चांगले असल्याने कौतुकही झाले, आणि आठ आठवडे इतरांची वाक्ये लिहून घेताना स्वतःचे एकही वाक्य बोलले नाही. त्यापेक्षा चर्चा चालवण्याचे काम घ्या, कारण तेथे बोलल्याशिवाय सुटकाच नसते. सत्र संपल्यावर गट बदलतो, त्यामुळे फजिती झाली तरी पुढच्या गटाला त्याचा पत्ता नसतो.

जर्मन मुलांचे मनाला लावून घेऊ नका. सीमेपलीकडचे आखेन हे जर्मन शहर जेमतेम तीस किलोमीटरवर आहे, येथे परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठी संख्या त्यांचीच आहे, आणि इंग्रजी त्यांचीही शिकलेलीच भाषा आहे. तुम्ही इंग्रजीतून काही विचारलेत की बहुतेक वेळा सगळे इंग्रजीवर येतात. फक्त विचारावे तुम्हालाच लागेल. घरच्यांना मात्र गुणांविषयी आताच सांगून ठेवा: दहापैकी साडेपाचला उत्तीर्ण होतात आणि आठ म्हणजे फारच चांगले. माझ्या बाबांनी सातचे सत्तर टक्के करून दोन दिवस अबोला धरला होता.

कृष्णाकाठची

दोघांचेही आभार. काल समस्येत 'एक्स्टर्नॅलिटी' हा शब्द आला, आणि मी धीर करून अर्थ विचारला. क्षणभर कोणीच बोलले नाही. मग लक्षात आले की आणखी तिघांना तो माहीत नव्हता. कारखान्याच्या सांडपाण्याचा भुर्दंड नदीकाठच्या गावाने सोसावा, असे उदाहरण शेवटी मीच दिले, कारण ते आमच्याकडे समजावून सांगावे लागत नाही. ते फळ्यावर लिहिले गेले, माझ्या उच्चाराप्रमाणे 'क्रुष्णा' या नदीच्या नावासकट.

सोमवारी चर्चा चालवण्यासाठी नाव दिले आहे. आमच्या गटात एक मुलगा एकदा सुरू झाला की थांबतच नाही. त्याला न दुखावता कसे थांबवावे, हे कोणी सांगू शकेल काय?