ईस्टबोर्नचा बँडस्टँड "पाडून टाका" म्हणणाऱ्यांसाठी

समुद्रपक्षी

परवा इथे एका सदस्याने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ईस्टबोर्नच्या एका दिवसाच्या सहलीबद्दल लिहिलं. पिअर (समुद्रात गेलेला लांब धक्का) आवडला, बीची हेडचे पांढरे कडे आवडले, आणि शेवटी हे: "तो निळ्या घुमटाचा बँडस्टँड मात्र पाडून टाकावा. नव्वद वर्षांचा सांगाडा दुरुस्त करत बसण्यापेक्षा तिथे कमाईचं काहीतरी बांधावं. गाणी ऐकायला हल्ली फोन आहे." दोन दिवस हे डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढते.

मी या गावात अकरा वर्षं राहते. बाकी गावांतले बँडस्टँड, म्हणजे बँडला उघड्यावर वाजवायला बांधलेले मंडप, अष्टकोनी किंवा गोल असतात, पक्ष्याच्या पिंजऱ्यासारखे. ब्रायटनचा 1884 चा तसाच आहे. ईस्टबोर्नलाही पूर्वी तसाच होता. तो काढून 1935 मध्ये हा अर्धगोल बांधला, आराखडा नगरपालिकेच्याच अभियांत्रिकी खात्यातल्या लेस्ली रोझ यांचा, खर्च 28,000 पौंड. वादकांची पाठ समुद्राकडे, तोंड गावाकडे. पाठीमागची भिंत वळणदार असल्यामुळे आवाज समुद्रावर उडून जात नाही, श्रोत्यांकडे येतो. तेव्हा 3,000 हून जास्त माणसं बसायची.

2019 च्या ऑगस्टमध्ये आई मालवणहून आली होती. तिला इंग्रजी येत नाही. पहिले तीन आठवडे घरात बसून होती, "मला इथे कोणाशी बोलायला नाही" म्हणत. एका रविवारी तिला बँडस्टँडवर नेलं. वारा इतका की वादकांनी नोटेशनचे कागद कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी स्टँडला अडकवले होते. आई ते चिमटेच बघत बसली. मग ट्रोम्बोनवाल्याने मध्येच वाद्य उलटं करून त्यातलं पाणी झटकलं, तर म्हणाली, "आमचो दशावतारातलो पेटीवालो असोच घाम पुसता." शेजारच्या म्हाताऱ्या बाईने तिच्या गुडघ्यांवर स्वतःची शाल टाकली. त्यानंतर दर रविवारी आई माझ्याआधी तयार. हे फोनवर होत नाही.

आणि जवळच जॉन वुडवर्ड यांचा फलक आहे. टायटॅनिकवरच्या आठ वादकांपैकी एक, चेलो वाजवायचे. त्याआधी ते याच गावात इथले जमीनदार ड्यूक ऑफ डेव्हनशर यांच्या ऑर्केस्ट्रात होते. 1912 मध्ये बुडाले, 1914 मध्ये गावाने फलक लावला, गायिका क्लारा बट यांच्या हस्ते. ज्या गावाने वादकाची अशी आठवण ठेवली, त्या गावाला "पाडा" सांगायला एक दिवसाची सहल पुरत नाही.

रोखठोक_राजा

ते वाक्य माझं आहे आणि मी ते मागे घेत नाही.

ताई, तुमच्या आईंची गोष्ट चांगली आहे. आता माझी ऐका. माझा मित्र, पुण्याचा, आता इथला नागरिक. घरमालकाने घर विकायला काढलं, दुसरं परवडेना. याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका गावात तो, बायको आणि दोन मुलं सात महिने कौन्सिलने दिलेल्या एका खोलीत राहिले. स्वयंपाकघर नाही, मायक्रोवेव्हमध्ये भात. मोठी मुलगी पलंगावर पालथी पडून गृहपाठ करायची, कारण टेबल ठेवायला जागा नव्हती. मी भेटायला गेलो तर बसायला जागा म्हणून मित्राने सूटकेस पुढे सरकवली.

ईस्टबोर्न कौन्सिलनेच 2023 मध्ये सांगितलं की त्यांना मिळणाऱ्या कौन्सिल टॅक्सच्या (इथली घरपट्टी) दर पौंडातले जवळपास 50 पेन्स अशा तात्पुरत्या निवाऱ्यावर जातात. निम्मे पैसे! आणि तुम्ही मला चिमटे सांगता.

खारा_वारा

मुंबईत वीस वर्षं समुद्राकाठच्या इमारतींच्या दुरुस्त्या केल्या, आता पोर्ट्समथला आहे. भावना बाजूला ठेवून लोखंडाबद्दल बोलतो.

खाऱ्या हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये झिरपतं, आतली सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. तो आतून रेटतो, काँक्रीटला तडा जातो, पोपडे सुटतात, तड्यातून आणखी मीठ आत. वरळी-दादरला राहिलेल्या प्रत्येकाने आपल्या बाल्कनीखाली हे पाहिलंय. या साखळीला थांबा नाही. पहिल्या वर्षी जे काम छिन्नी-हातोडी आणि गंजरोधक लेपात होतं, ते दहा वर्षांनी तुळई बदलण्यावर जातं. म्हणून "आत्ता पैसे नाहीत, नंतर बघू" हाच सगळ्यात महाग पर्याय.

उदाहरण हवं तर ब्रायटनचा वेस्ट पिअर. 1975 मध्ये बंद केला. संरक्षित वास्तूंच्या यादीत सगळ्यात वरच्या श्रेणीत होता, तरी पडून राहिला. 2002 च्या डिसेंबरात एक भाग कोसळला, 2003 मध्ये दोनदा आग लागली. आज पाण्यात काळा सांगाडा उभा आहे. ईस्टबोर्नचा बँडस्टँडही यादीत आहे, त्यामुळे राजाभाऊ, तुम्ही म्हणता तसा सरळ पाडता येणारच नाही. पण यादीत नाव आहे म्हणून तो वाचेल हेही खरं नाही.

लाटांची_गाज

माझा प्रश्न वेगळाच. वाचवा म्हणता, पण कोणासाठी? बहुतेक संध्याकाळी तिकीट. आणि वाजतं काय, तर अ‍ॅबा आणि क्वीन या जुन्या गाजलेल्या बँडांची नक्कल करणारे गट. खरा ब्रास बँड किती वेळा असतो? आम्ही चौघं जण गेलो, तिकिटं बघितली आणि वरच्या रस्त्याच्या कठड्याला टेकून ऐकलं. तिथेही एकाने येऊन "वाट अडवू नका" म्हणून हुसकावलं. मुलगा रडला. सार्वजनिक पैशाने उभी केलेली जागा, आणि मी कठड्यावर परकी.

समुद्रपक्षी

@लाटांची_गाज, हुसकावणं चूकच. पण तिकिटाचा पैसाच त्या जागेला जिवंत ठेवतो. नक्कल करणाऱ्या गटांना गर्दी होते, त्या गर्दीवर बाकीचे कार्यक्रम निघतात. मलाही रविवारचा बँड जास्त हवा आहे. मिळत नाही याचं मला वाईट वाटतं, एवढं कबूल.

चौघडा_प्रेमी

सगळा धागा वाचला. एक गोष्ट कोणीच बोलत नाही. हा बँड मुळात गोऱ्या पलटणीचा प्रकार. ज्या पितळी वाद्यांच्या तालावर आपल्याला गुलाम केलं, त्यांच्यासाठी मराठी माणसाने दोन-दोन पानं लिहायची? आमच्या देवळातला चौघडा बंद पडून पंधरा वर्षं झाली. नगारखान्यात आता सायकली ठेवतात. त्याच्यासाठी एक धागा नाही निघाला.

माजोर्डेकर

@चौघडा_प्रेमी, हे "गोऱ्यांचं" म्हणणं थांबवा. आमच्या गोव्यात चर्चच्या शाळेत पिढ्यान्‌पिढ्या पोरं नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकली. भाताच्या शेतात काम करणाऱ्यांची पोरं. तीच पुढे मुंबईला जाऊन लष्कराच्या, पोलिसांच्या बँडात, मूकपटाच्या थिएटरात आणि मग सिनेमाच्या स्टुडिओत बसली. शंकर-जयकिशनच्या गाण्यांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझा करायचे. आमच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, त्यांच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल व्हायोलिन शिकले. 1958 मध्ये गोन्साल्विसांनी मुंबईत भारतीय रागांवरचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. तुम्ही ज्या जुन्या हिंदी गाण्यांवर जीव टाकता त्यातली पितळी वाद्यं आमच्या माणसांनी वाजवली आहेत.

माझे आजोबा मुंबईत कॉर्नेट (ट्रंपेटसारखं लहान पितळी वाद्य) वाजवायचे. कागद समोर ठेवला की पहिल्याच फटक्यात वाजवायचे, पण त्या कागदावर त्यांचं नाव कधी आलं नाही. शेवटी शेवटी दात गेले आणि फुंकर धरवेना, तरी रोज सकाळी पेटी उघडून कॉर्नेट पुसून ठेवायचे. ती कॉर्नेट गोऱ्यांची होती म्हणता?

चौघडा_प्रेमी

आजोबांबद्दल आदर आहे. पण एका पिढीची रोजीरोटी म्हणजे परंपरा होत नाही. आमच्याकडे लग्नात सनई गेली आणि बँड आला. बेसूर पिपाण्या, झगमगीत कोट, आणि वरातीत दारू प्यायलेली पोरं. सनईचं स्थान त्यांनी खाल्लं.

पितळी_कर्णा

माझे वडील सांगलीकडच्या एका लग्नाच्या बँडात सव्वीस वर्षं क्लॅरिनेट वाजवायचे. "बेसूर पिपाण्या" वाचून हात थरथरला, म्हणून रात्री न लिहिता आत्ता लिहितोय.

उन्हाळ्यात लग्नसराई, डांबर पायाखाली मऊ झालेलं, अंगात तो जाड लाल कोट. वरात थांबली की वडील भिंतीच्या सावलीत जाऊन रीड (क्लॅरिनेटच्या तोंडाची पातळ पट्टी) जिभेवर ओली करत उभे राहायचे, कोरडी रीड किंचाळते म्हणून. दारू प्यायलेली पोरं त्यांना "ए, तेच परत वाजव" म्हणायची, नोटा तोंडासमोर नाचवायची. नोट दाताने घ्यायला लावायची. वडिलांनी एकदाही दाताने घेतली नाही. हाताने घ्यायचे, नाहीतर सोडून द्यायचे.

मग डीजेच्या भिंती आल्या. ट्रकवर लादलेले स्पीकर, छातीत धडधड, शेजारच्या म्हाताऱ्याला घर सोडून जावं लागेल असा आवाज. दोन हंगामांत बँड मोडला. कोट अजून ट्रंकेत आहे, खांद्यावरची जर काळी पडलीय. सनईचं स्थान वडिलांनी खाल्लं नाही, साहेब. त्यांचं ताट मात्र खेचलं गेलं. आणि नगारखान्यात सायकली वडिलांनी ठेवल्या नाहीत, तुमच्याच विश्वस्तांनी ठेवल्या.

चौघडा_प्रेमी

विश्वस्तांपर्यंत जायची गरज नव्हती. तुम्ही मला ओळखत नाही.

पितळी_कर्णा

तुम्हीही माझ्या वडिलांना ओळखत नव्हता.

लाटांची_गाज

दोघंही थांबा जरा. बडोद्याला माझं माहेर. कमाठी बागेत बँडस्टँड आहे, आमच्या गायकवाडांच्या गावात. आणि त्याच गायकवाडांनी गायक मौलाबक्षांना आश्रय देऊन संगीतशाळा काढली. एका गावात दोन्ही नांदलं. बँड जगला म्हणून चौघडा मेला असं मला तरी तिथे कधी जाणवलं नाही. आपल्या वांद्र्याला बघा. नाव बँडस्टँड, पण जातो कोण बँड ऐकायला? सगळे नटांच्या बंगल्यांसमोर उभे. पणजीच्या म्युनिसिपल गार्डनमधला जुना बँडस्टँड तरी जागेवर आहे. मी तिकिटावरून भांडले तरी ईस्टबोर्नचं वांद्रे व्हावं असं मला वाटत नाही.

चौघडा_प्रेमी

"बेसूर" शब्द नको होता. सगळे तसे नसतात. बाकी चौघड्याचं माझं म्हणणं तसंच आहे, त्याचा वेगळा धागा काढतो. पितळी_कर्णा, वडील अजून वाजवतात का?

पितळी_कर्णा

गणपतीत, घरच्या आरतीला. एवढंच.

रोखठोक_राजा

मूळ मुद्दा सोडून तुम्ही लग्नाच्या वरातीत शिरलात. मी परत बेघरांवर येतो, कारण त्याला एकानेही उत्तर दिलेलं नाही.

समुद्रपक्षी

देते. तुमच्या मित्राची खोली वाचून मला झोप लागली नाही, हे खरं. पण बँडस्टँड पाडून त्या मुलीला टेबल मिळणार नाही. निवाऱ्याचा खर्च वाढला तो भाडी वाढली, परवडणारी घरं बांधली गेली नाहीत म्हणून. तो खर्च दर वर्षी येतो. पाडकामाचा किंवा जागा विकल्याचा पैसा एकदाच येईल आणि त्यात बुडेल. पुढच्या वर्षी मित्र त्याच खोलीत, आणि गाव बँडस्टँडशिवाय. शिवाय हे गाव पाहुण्यांवर जगतं. ड्यूकच्या घराण्याने समुद्रासमोरच्या रस्त्यावर दुकानं येऊ दिली नाहीत, म्हणून तिथे आजही मोकळा किनारा, हॉटेलं आणि हा घुमट एवढंच दिसतं. लोक त्यासाठी येतात. त्या हॉटेलांत भांडी घासणारे आणि चादरी बदलणारे लोकच भाडं भरता न आल्याने त्या खोल्यांत जातात. त्यांचं काम काढून घेऊन त्यांना घर कसं द्याल?

खारा_वारा

भर घालतो. पाडकामही फुकट नसतं. समुद्राकडची बाजू धरून ठेवायला नवी भिंत लागेल, नाहीतर लाट सरळ रस्त्याखाली घुसते. "कमाईचं काहीतरी" बांधायच्या आधीच खिसा रिकामा.

रोखठोक_राजा

भिंतीचा मुद्दा मला माहीत नव्हता. तो मान्य करावा लागेल.

"पाडा" शब्द मागे घेतो, तेवढाच. माझी अट अशी: दुरुस्तीला जो पैसा लागेल तो तिकिटातून आणि देणग्यांतून यावा, निवाऱ्याच्या खात्याला हात लावू नये. आणि लाटांची_गाज म्हणतात तसं कठड्यावरून कोणाला हुसकावू नये. मित्राला आता घर मिळालंय, दोन खोल्या, टेबलासकट. त्याच्या मुलीने शाळेत कॉर्नेट घेतलंय. हे मी आधी लिहिलं नाही, कारण तुम्ही लगेच तेच पकडलं असतं.

माजोर्डेकर

पकडणारच होतो. कुठली कॉर्नेट, नवी की शाळेची? आजोबांची माझ्याकडे पडून आहे. व्हॉल्व्हला तेल लावलं की चालेल. व्यक्तिगत निरोपात पत्ता द्या.