शब्दचर्चा : ‘कामगार विरोधी गट’ म्हणजे कोण कोणाच्या विरोधात?

प्रश्न

रशियन कम्युनिस्ट पक्षात 1920-21 साली जो अंतर्गत वाद पेटला, त्यावर आमच्या वाचनगटासाठी मराठीत एक पुस्तिका लिहिते आहे आणि पहिल्याच पानावर अडले आहे. वाद घालणाऱ्या गटाचं रशियन नाव ‘राबोचाया ओपोझित्सिया’. मी सरळ ‘कामगार विरोधी गट’ लिहिलं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “म्हणजे हे मालकांच्या बाजूचे का?” तिचं बरोबरच आहे. मराठी वाचणारा कुणीही तसंच समजेल.

खरं तर हे लोक स्वतः कामगार होते. अलेक्झांद्र श्ल्यापनिकोव्ह धातुकामगार, 1917 च्या बोल्शेविक क्रांतीनंतरच्या पहिल्या सरकारात श्रमखात्याचा प्रमुख. सेर्गेय मेदवेदेव्ह, युरी लुतोविनोव्ह हेही धातुकामगारांच्या युनियनमधले. 1921 च्या सुरुवातीला अलेक्झांद्रा कोलोन्ताय त्यांना येऊन मिळाल्या आणि त्यांनी या गटाची बाजू मांडणारी पुस्तिका लिहिली. मागणी अशी, की कारखान्यांचा आणि अर्थव्यवस्थेचा कारभार युनियनमध्ये संघटित झालेल्या उत्पादकांच्या काँग्रेसकडे, म्हणजे प्रतिनिधींच्या अधिवेशनाकडे द्यावा, वरून नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे नको. अशा गटाला ‘कामगारविरोधी’ म्हणणं म्हणजे अर्थाचा अनर्थ. काय लिहू?

दुसरं असं, की ‘ब्युरोक्रातिझ्म’ला ‘नोकरशाही’ लिहिते आहे, पण तेही मनाला पटत नाही. का ते सांगता येत नाही.

उत्तर

पहिल्या अडचणीचं मूळ आपल्या समासात आहे. मराठीत ‘विरोधी’च्या आधी जे येतं, त्याच्या विरुद्ध तो माणूस असतो : देशविरोधी, जनताविरोधी, कामगारविरोधी. मध्ये जागा सोडून लिहिलं तरी कान तसंच ऐकतो. रशियनमध्ये ‘राबोचाया’ हे विशेषण आहे, म्हणजे ‘कामगारांकडून होणारा’. आपल्याला तिथे षष्ठी वापरावीच लागेल : ‘कामगारांचा विरोधी गट’. एक ‘चा’ घातला की आईंचा प्रश्न सुटतो.

‘विरोधी पक्ष’ मात्र अजिबात नको. तो सभागृहात समोरच्या बाकांवर बसतो आणि उद्या सत्तेवर येऊ शकतो. ही माणसं त्याच पक्षातली होती, तोच पक्ष आपला मानत होती, आणि त्यांना दुसरा पक्ष काढायचाच नव्हता. ‘प्रतिपक्ष’ही त्याच कारणाने बाद. वर्तमानपत्रांतला ‘असंतुष्ट’ हा शब्द इथे हलका पडतो; तिकीट न मिळालेला, मंत्रिपद हुकलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. ‘बंडखोर’चंही तेच. शिवाय त्याच मार्च 1921 मध्ये पेट्रोग्राडजवळच्या क्रोनश्टाट या नाविक तळावरच्या नाविकांनी खरोखरचं बंड केलं होतं, आणि या गटाची माणसं त्या बंडाच्या बाजूने नव्हती. उलट पक्षाच्या दहाव्या काँग्रेसमधून जे सुमारे तीनशे प्रतिनिधी बंड मोडायला गेले, त्यांत विरोधी गटांतलेही होते. त्यांना बंडखोर म्हटलं तर वाचकाची गल्लत होईल.

‘गट’ शब्द मात्र चपखल बसतो, कारण रशियन ‘फ्राक्त्सिया’ला जे दोन चेहरे आहेत तेच आपल्या ‘गटा’ला आहेत. आपल्याकडे ‘गटनेता’ हे सन्मानाचं पद आणि ‘गटबाजी’ हा आरोप. तिथेही युनियनमधल्या पक्षसभासदांचा अधिकृत गट म्हणजे फ्राक्त्सिया, तो हवाच; आणि पक्षाच्या आत वेगळं व्यासपीठ घेऊन उभा राहिलेला गट म्हणजेही फ्राक्त्सिया, त्यावर दहाव्या काँग्रेसने बंदी घातली. पक्षाच्या एकतेवरच्या त्या ठरावाचं सातवं कलम तर गुप्तच ठेवलं होतं. मध्यवर्ती समितीतल्या सभासदालाही दोन-तृतीयांश मतांनी हाकलता येईल, असं ते कलम; ते छापून बाहेर आलं 1924 साली.

आता ‘नोकरशाही’. तुमच्या मनाला जे खटकतं आहे ते असं असावं. ‘शाही’च्या आधी आपण राज्य करणाऱ्याचं नाव घालतो : आदिलशाही, निजामशाही, लोकशाही. नोकरशाही म्हणजे नोकराचं राज्य. ज्याने चाकरी करायची तोच धनी झाला, ही तक्रार त्या शब्दातच आहे. स्वराज्याच्या चळवळीत हा शब्द गोऱ्या अंमलदारांना लागू झाला आणि आजही आपल्या कानाला त्यात कलेक्टर, सचिव, मंत्रालयातली फाइल ऐकू येते. मूळ फ्रेंच शब्दात नोकर नाहीच. ‘ब्युरो’ म्हणजे लिहायचं मेज. मेजाचं राज्य.

रशियात झारच्या काळी या माणसाला ‘चिनोव्निक’ म्हणत. ‘चिन’ म्हणजे दर्जा. झार पीटरने 1722 साली चौदा दर्जांची उतरंड लावून दिली होती. क्रांतीने ते दर्जे रद्द केले, पण कचेऱ्या उरल्या आणि त्यांत जुने कारकूनही उरले. ‘नोकरशाही’ लिहिलं की वाचक या जुन्या कारकुनांकडे बोट दाखवेल. पक्षाचे पुढारीही तेच करत होते : दोष झारच्या उरलेल्या चिनोव्निकांचा. कोलोन्ताय यांचं म्हणणं त्यापुढे जाणारं होतं. हा रोग पक्षाच्या अंगातच भिनला आहे, आपल्या कॉम्रेडांत आहे, असं त्या सांगत होत्या. तिथे ‘नोकर’ कुठून आणणार?

प्रश्नकर्ती

मनातलं बोललात. मग काय वापरू? ‘दफ्तरशाही’?

उत्तर

दफ्तरशाही मला आवडतो, मेजाच्या जवळचा आहे. पण आधी रशियनमधला एक भेद पाहा. ‘ब्युरोक्रातिया’ म्हणजे तो थर, ती माणसं. ‘ब्युरोक्रातिझ्म’ म्हणजे ती वागण्याची रीत. वादात बहुतेक वेळा दुसरा शब्द येतो. मराठीत या रीतीसाठी ‘गिरी’ आहे : गुलामगिरी, दादागिरी. थर असेल तिथे ‘दफ्तरशाही’ आणि रीत असेल तिथे ‘साहेबगिरी’ किंवा ‘बाबूगिरी’ असं वाटून घेतलं तर पुस्तिका स्वच्छ वाचता येईल.

यातला ‘साहेबगिरी’ मी निवडेन. बाबूगिरीत दिरंगाई आहे, कागदाला कागद जोडणं आहे. कोलोन्ताय स्पष्ट सांगतात की नुसती लालफीत हे खरं दुखणं नव्हे. ज्यांचा प्रश्न आहे त्यांना न विचारता कुणी तिसराच माणूस वर बसून त्यांच्याबद्दल ठरवतो, हे त्या दुखण्याचं मर्म. त्यांचं उदाहरणही साधं आहे : कामगार स्वतःहून खानावळ, पाळणाघर काढायला, सरपण आणायची व्यवस्था करायला निघतात, आणि प्रत्येक वेळी या कचेरीतून त्या कचेरीत हेलपाटे घालून त्यांचा उत्साह मरून जातो.

आणखी एक प्रतिसाद

‘नाझ्नाचेन्स्त्वो’ हा शब्द पुस्तिकेत येणारच, म्हणून लिहितो. पदं निवडणुकीने न भरता वरून माणूस नेमून पाठवायची पद्धत. याला मी ‘नेमणूकशाही’ करीन. शब्द नवा आहे, पण ऐकताच कळतो.

मे 1921 मधला प्रसंग यासाठी घ्याच. धातुकामगारांच्या युनियनची काँग्रेस भरली. नवे पदाधिकारी कोण असावेत याची यादी पक्षाच्या मध्यवर्ती समितीने पाठवली. युनियनमधल्या कम्युनिस्ट गटाने, म्हणजे पक्षाच्याच सभासदांनी, ती 120 विरुद्ध 40 मतांनी फेटाळली. समितीने ते मतदान बाजूला ठेवून आपली माणसं बसवली. ‘नेमणूकशाही’चा अर्थ समजावायला याहून वेगळं उदाहरण शोधावं लागणार नाही.

प्रश्नकर्ती

हा प्रसंग घेते. आता ‘उक्लोन’. दहाव्या काँग्रेसच्या दुसऱ्या ठरावात या गटाच्या मतांना ‘सिंडिकॅलिस्ट आणि अराज्यवादी उक्लोन’ म्हटलं आहे (सिंडिकॅलिस्ट म्हणजे कारभार युनियनच्या हाती असावा असं मानणारे). आपल्याकडच्या डाव्या लिखाणात याला ‘विचलन’ म्हणतात. पण विचलन म्हटलं की गणिताच्या तासाला बसल्यासारखं वाटतं.

उत्तर

या शब्दावर खुद्द त्या काँग्रेसमध्येच शब्दचर्चा झाली होती! श्ल्यापनिकोव्ह आणि त्यांच्या साथीदारांना तो लागला. तेव्हा लेनिन यांनी उत्तर दिलं ते थोडक्यात असं : उक्लोन म्हणजे अजून तयार झालेला प्रवाह नव्हे, माणसं वाटेवरून थोडी सरकली आहेत किंवा सरकू लागली आहेत, अजून दुरुस्ती होऊ शकते, रशियन शब्दाचा अर्थ एवढाच आहे.

मूळ धातूत वाकणं, झुकणं आहे. मराठीत यासाठी ‘कल’ आहे. भिंत कलते, सूर्य कलतो, तराजू कलतो. कललेली भिंत अजून पडलेली नसते, हा लेनिन यांचा सगळा युक्तिवाद या एका शब्दात मावतो. अडचण एवढीच, की ‘मतदारांचा कल’ म्हणताना आपण त्यात काही वावगं पाहत नाही. म्हणून ठरावात ‘चुकीकडे कल’ असं लिहा. आणि तेव्हा तो शब्द खरोखरच एवढाच होता, हे वाचकाला सांगा : त्याच काँग्रेसमध्ये श्ल्यापनिकोव्ह मध्यवर्ती समितीवर निवडून आले. ऑगस्टमध्ये त्यांना काढण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा दोन-तृतीयांश मतं जमली नाहीत. पुढच्या वर्षी अकराव्या काँग्रेसमध्ये त्यांनी लेनिन यांना तोंडावर सुनावलं, की अस्तित्वातच नसलेल्या वर्गाचं अग्रदल झाल्याबद्दल अभिनंदन. कामगारवर्ग विस्कळीत झाला आहे असं पुढारी म्हणत होते, त्याला हे उत्तर. एवढं बोलूनही काँग्रेसने त्यांना पक्षाबाहेर काढायला नकार दिला.

1928-29 पर्यंत, ‘उजवा उक्लोन’ म्हणू लागले तोवर, त्या शब्दातली दुरुस्तीची शक्यता संपली होती. शब्द तोच, अर्थ दगड झाला. तिथे मात्र ‘कल’ चालणार नाही, ‘विचलन’च बरं.

आणखी एक प्रतिसाद

कोलोन्ताय यांच्या पुस्तिकेतला माझ्या लेखी सर्वांत मोलाचा शब्द अजून कुणी काढला नाही : ‘समादेयातेल्नोस्त’. ‘स्वयंक्रिया’, ‘स्वयंप्रेरित कृती’ अशी भाषांतरं पाहून जीव गुदमरतो. माझे वडील परळला गिरणीत होते, लाल बावट्याच्या युनियनचे. बावटा म्हणायचे, ध्वज कधीच नाही. त्यांना ‘स्वयंक्रिया’ म्हटलं असतं तर नवीन यंत्र आलं असं वाटलं असतं.

आपल्याकडे ‘मनाने करणं’ आहे. “पोरगी मनाने अभ्यासाला बसते” यात कौतुक आहे. “कोणाला विचारून केलंस? मनानेच केलंस?” यात दरडावणं आहे. रशियन शब्दाचंही असंच झालं. कोलोन्ताय यांच्यासाठी कामगारांनी मनाने, आपल्या हाताने कारभार उभा करणं हाच कम्युनिझमचा गाभा होता. पुढे सोव्हिएत काळात त्या शब्दाला जोडून कारखान्यांतली हौशी नाच-गाण्याची पथकं आली, आणि कचेरीच्या तोंडी तो ‘परवानगीशिवाय केलेला आगाऊपणा’ या अर्थानेही येऊ लागला. त्यांनी लिहिलं तो अर्थ शब्दातून निघून गेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. निदान मराठीत तरी ‘मनाने’ हा शब्द ठेवा. ‘कामगारांनी मनाने केलेलं काम’ असं लांब लिहावं लागलं तरी चालेल.

प्रश्नकर्ती

‘मनाने’ घेतला. पहिलं पान आता असं आहे : ‘कामगारांचा विरोधी गट’, ‘दफ्तरशाही’, ‘साहेबगिरी’, ‘नेमणूकशाही’. आईला पुन्हा वाचून दाखवलं, तिला एकही प्रश्न पडला नाही.

शेवटची अडचण ‘चिस्तका’. शब्दशः साफसफाई. 1921 मध्ये पक्षाने सभासदांची तपासणी केली आणि जवळपास एक-चतुर्थांश लोक बाहेर काढले. ‘शुद्धीकरण’ लिहावं का?

उत्तर

नको. आपल्याकडे शुद्धीकरणाला धर्मांतराचा आणि विटाळाचा वास आहे. ‘निवडणं’ अर्थाने जवळ आहे, तांदूळ निवडतात तसं. पण तुमच्या पुस्तिकेत निवडणूक की नेमणूक हाच वाद असल्याने तो शब्द घोटाळा करील. ‘पाखडणी’ लिहा. सूप, फोल आणि दाणे. 1921 ची तपासणी तशीच होती : सभेत माणसाला उभं करायचं, पक्षाबाहेरच्या कामगारांनाही बोलू द्यायचं, आणि अयोग्य ठरला तर सभासदपत्र काढून घ्यायचं. जीव घेत नव्हते.

पण हा शब्द तिथेच थांबवा. 1937 च्या सप्टेंबरात श्ल्यापनिकोव्ह आणि मेदवेदेव्ह दोघांना गोळ्या घातल्या. त्या वर्षांनाही इतिहासाच्या पुस्तकांत ‘चिस्तका’च म्हटलेलं सापडेल. तिथे पाखडणी लिहू नका, शुद्धीकरण तर नाहीच. ‘ठार मारलं’ असं लिहा.