दिव्यांग मुलीचं लग्न झालं की तिचं पेन्शन का थांबावं?

रानजाई:
माझ्या मामेबहिणीचं लग्न ठरलंय. कॉलेजात असताना विहिरीत पडून तिच्या कण्याला मार बसला, तेव्हापासून ती व्हीलचेअरवर आहे. संजय गांधी निराधार योजनेतून तिला महिना 2500 रुपये मिळतात (दिव्यांगांचे 1500 चे 2500 झाले ते ऑक्टोबर 2025 पासून). अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत हवं. मामा शेतमजूर, त्यामुळे आजवर अडचण आली नाही. होणारा नवरा पतसंस्थेत शिपाई आहे, पगार 12,000. वर्षाचे झाले 1,44,000. लग्नानंतरचा उत्पन्नाचा दाखला जोडला की पेन्शन बंद.

खर्च थोडाच बंद होणार आहे? लघवीच्या नळ्या, डायपर, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी. रात्रीतून दोनतीनदा कूस बदलून द्यावी लागते. आजवर त्यासाठी मामी उठायची, आता तो उठेल आणि सकाळी कामावर जाईल. सरकार दिव्यांग-अव्यांग विवाहाला प्रोत्साहन म्हणून एकदा अनुदान देतं आणि इकडे वर्षाचे 30,000 काढून घेतं. पेन्शन अपंगत्वापोटी असेल तर उत्पन्न तिचं एकटीचं बघा, एवढीच माझी मागणी आहे.

माजी अव्वल कारकून:
ताई, मी महसूल खात्यात होतो, या फाइली हाताखालून गेल्यात. पेन्शन अपंगत्वापोटी नाही, निराधारपणापोटी आहे. योजनेच्या नावातच ते आहे. कमावता नवरा मिळाला म्हणजे आधार मिळाला. उद्या फक्त अर्जदाराचं उत्पन्न बघायचं ठरवलं तर वीस एकर बागायतदाराची बायकोही पात्र ठरेल, कारण तिच्या नावावर काहीच नसतं. त्याच यादीत विधवा आहेत, परित्यक्ता आहेत. पैसा त्यांच्या वाटचा जातो.

शिवार:
बागायतदाराला वगळायला वेगळी मर्यादा लावता येते की. 12,000 पगाराचा शिपाई आणि वीस एकरवाला एकाच मापाने मोजायचे का? महिन्याला साधारण 4,167 रुपयांच्या वर गेलं की घर सधन झालं, असं ही 50,000 ची रेघ सांगते. रोजंदारीवाल्याची कमाईसुद्धा खरी लिहिली तर त्यापेक्षा जास्त भरते. लोक खोटे दाखले का काढतात ते यातच आलं.

अनघा के:
केंद्र सरकारच्या नोकरांना हा न्याय कधीच मिळालाय. कर्मचारी वारला की त्याच्या दिव्यांग मुलामुलीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, पण पूर्वी लग्न झालं की ते थांबायचं. 2013 पासून लग्नानंतरही चालू राहतं. लग्नाने अपंगत्व जात नाही हे तिथे मान्य झालं. मग शेतमजुराच्या मुलीला ते का लागू नाही? सासरी तिच्या नावाने दरमहा पैसे येणं आणि प्रत्येक डायपरसाठी हात पसरणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. हे बायकांना वेगळं सांगायला नको.

माजी अव्वल कारकून:
ते निवृत्तिवेतन बापाच्या नोकरीतून आलेला हक्क आहे. हे साहाय्य आहे. दोन्हींची गल्लत नको.

सोबती:
माझी पत्नी दृष्टिहीन आहे, लग्नाला बरीच वर्षं झाली. तिचं पेन्शन तिला मिळावं, याला माझा पूर्ण पाठिंबा. पण नवऱ्याने काळजी घेतली म्हणून त्यालाही भत्ता द्या, अशी मागणी काहीजण करतात, ती मला पटत नाही. मी तिचा नोकर नाही. पैसे आले की नात्यात हिशोब येतो.

रानजाई:
दादा, तुमची भावना कळते. पण कूस बदलायला उठणाऱ्या माणसाची रोजी बुडते, तो हिशोब आधीच घरात आलेला असतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम 24 मध्ये, जास्त मदत लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळात आश्वासकिरणम योजनेत अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्याला महिना 600 रुपये ठरवलेत. रक्कम तुटपुंजी आहे, पण ते काम आहे हे तरी सरकारने मान्य केलं.

लीड्सकर:
इथे ब्रिटनमध्ये दोन्ही प्रकार आहेत. अपंगत्वाच्या जादा खर्चासाठी मिळणारा पिप हा भत्ता उत्पन्न बघत नाही, लग्नाने त्याला धक्का लागत नाही. आठवड्याला किमान 35 तास काळजी घेणाऱ्याला केअरर्स अलाउन्स मिळू शकतो, नवराबायकोलाही. त्यात कमाईची मर्यादा आहे, पण ती काळजी घेणाऱ्याच्या स्वतःच्या कमाईवर. युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारं सरकारी साहाय्य, देताना मात्र जोडप्याचं उत्पन्न एकत्र मोजतात, लग्न केलं नसलं आणि नुसते एकत्र राहत असलात तरी. त्यापायी वेगळं राहणारी जोडपी मी पाहिली आहेत. म्हणून खर्चाचा भत्ता आणि गरिबीचं साहाय्य वेगळं करा, वाद निम्मा मिटेल.

माजी अव्वल कारकून:
हे विभाजन मला मान्य होण्यासारखं आहे. खर्चाचा भाग उत्पन्न न बघता द्या, उदरनिर्वाहाचा भाग बघून द्या. पण मग अपंगत्वाची टक्केवारी कडक तपासा. आणि ताई, लग्न लपवू नका. पेन्शनसाठी नोंदणी टाळलेली जोडपी मी पाहिली. पुढे नवरा गेल्यावर वारसाच्या दाखल्यासाठी त्या बाईचे हाल झाले.

रानजाई:
लपवणार नाही, नोंदणीची तारीखही घेतलीय. पेन्शन बंद केलं तर कारणासहित लेखी आदेश मागू. सासरच्या ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा लागतो, त्यातून हवेच्या गादीसाठी अर्ज टाकतोय. असा अर्ज कुणी केला असेल तर सोबत काय काय कागद जोडले ते इथे लिहा.