मदत हवी आहे: इलिनॉयचे गव्हर्नर ओगल्सबी यांच्या १८६७ आणि १८८७ च्या कागदपत्रांबद्दल

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या १ मेच्या अंकासाठी शिकागोच्या हेमार्केट प्रकरणावर लिहितो आहे. आपल्याकडे या विषयात ४ मे १८८६ रोजी हेमार्केट चौकातल्या कामगार सभेत पडलेला बॉम्ब, त्यावरून कामगार पुढाऱ्यांवर चाललेला खटला आणि फाशी एवढंच येतं. मला इलिनॉयच्या, म्हणजे शिकागो ज्या अमेरिकी राज्यात आहे त्याच्या, गव्हर्नरांच्या दप्तरात शिरायचं आहे आणि नेमका तिथेच अडलो आहे.

इलिनॉयने आठ तासांच्या दिवसाचा कायदा १८६७ मध्येच केला होता. गव्हर्नर रिचर्ड ओगल्सबी यांनी त्यावर मार्चमध्ये सही केली आणि तो लागू झाला तो १ मे १८६७ रोजी. शिकागोच्या कामगारांनी मोठी मिरवणूक काढली. पण कायद्यातच पळवाट होती: वेगळा करार नसेल तरच आठ तास. मालकांनी लगेच तसे करार पुढे केले. संप झाला आणि आठवडाभरात मोडला. कामगारांना कायद्याने दिलेलं कायद्यानेच काढून घेतलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वीस वर्षांनी हेच ओगल्सबी पुन्हा गव्हर्नर होते आणि हेमार्केटच्या कैद्यांसाठी आलेले दयेचे अर्ज त्यांच्यासमोर होते. १० नोव्हेंबर १८८७ रोजी त्यांनी सॅम्युअल फील्डन आणि मायकेल श्वाब यांची फाशी जन्मठेपेवर आणली. लुई लिंगने त्याच दिवशी कोठडीत जीव दिला. दुसऱ्या दिवशी स्पीस, पार्सन्स, फिशर आणि एंगेल फासावर गेले. १८६७ चा कायदा आणि १८८७ चा हा आदेश, दोन्ही कागदांवर सही एकाच माणसाची! मराठीत हे कुठे लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

पुढचा भाग मला मिळाला आहे. गव्हर्नर जॉन पीटर ऑल्टगेल्ड यांनी २६ जून १८९३ रोजी फील्डन, श्वाब आणि त्याच खटल्यात तुरुंगवास झालेले ऑस्कर नीबी यांना माफी दिली आणि कारणंही सविस्तर लिहिली: ज्युरी ठरवून निवडली होती, न्यायाधीश गॅरी पक्षपाती होते, बॉम्ब कुणी टाकला हे सिद्धच झालं नव्हतं. नुसती दया दाखवून ते मोकळे झाले असते, पण त्यांनी खटलाच चुकीचा ठरवला. त्यावरून वर्तमानपत्रांनी त्यांना झोडपलं. १८९६ ची निवडणूक ते हरले.

आता मदत हवी आहे ती अशी. १८६७ च्या कायद्याचा मूळ मजकूर कुठे वाचता येईल? आणि १८८७ चे दयेचे अर्ज कुणी पाहिले आहेत का? ओगल्सबींना त्यांच्याच कायद्याची आठवण एखाद्या अर्जदाराने करून दिली होती का, हे मला शोधायचं आहे. मी भारतात असतो, तिकडे ओळखीचं कुणी नाही.

प्रतिसाद

विषय फार चांगला घेतला आहात. आधी एक फरक लक्षात घ्या. खटला कुक काउंटीच्या (शिकागोचा जिल्हा) न्यायालयात चालला, त्यामुळे साक्षी-पुराव्यांचे कागद गव्हर्नरांच्या दप्तरात शोधू नका. साक्षींची नोंद शिकागो हिस्टरी म्युझियमकडे आहे आणि ती घरबसल्या ऑनलाइन वाचता येते.

कायद्याचं काम सोपं आहे. विधिमंडळाच्या प्रत्येक अधिवेशनात झालेले कायदे खंडरूपाने छापले जात. १८६७ चा खंड काढा.

गव्हर्नरांच्या कामकाजाच्या नोंदींसाठी इलिनॉयची राजधानी स्प्रिंगफील्ड इथल्या स्टेट आर्काइव्हजला (राज्याच्या अभिलेखागाराला) लिहा, ते इलिनॉयच्याच सेक्रेटरी ऑफ स्टेट या राज्य अधिकाऱ्याच्या अखत्यारीत आहे. पत्रात कैद्यांची पूर्ण नावं आणि १८८७ साल द्या. नुसतं 'हेमार्केट' लिहून भागणार नाही. ओगल्सबींचे खासगी कागद मात्र त्याच गावातल्या लिंकन प्रेसिडेन्शियल लायब्ररीत आहेत. तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी मी तिथेही विचारलं असतं, कारण अशी आठवण एखाद्या जुन्या स्नेह्याच्या पत्रातही असू शकते.